मुंबईहून लंडन-न्यूयॉर्कला खरंच किती तास? सांगली-साताऱ्यातून निघणाऱ्यांसाठी प्रवासाचा सविस्तर हिशेब

विमान पहाटे सव्वादोनला मुंबईहून सुटतं, सकाळी सहा पन्नासला लंडनला उतरतं. म्हणजे साडेचार तासांत लंडन! हा हिशेब करणारे लोक आजही भेटतात. तिकिटावरचे दोन्ही आकडे बरोबर असतात, वजाबाकीही बरोबर असते. फक्त एक वेळ मुंबईच्या घड्याळातली असते आणि दुसरी लंडनच्या. खरा प्रवास दहा तासांचा असतो.

दुसरी चूक जास्त त्रासाची. मुलगा फोनवर सांगतो, ‘एकूण वीस तासांचा प्रवास आहे.’ आई-बाबा वीस तासांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवतात, बाकीची मोठ्या बॅगेत टाकतात. सांगलीतलं दार ओढून घेतल्यापासून अमेरिकेतल्या दारात पोचेपर्यंत मात्र छत्तीस तास होतात.

यावर उपाय एकच. सगळा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत भारतीय वेळेत लिहून काढायचा आणि तिथली वेळ शेवटी बाजूला टिपायची. ते कसं करायचं, ते क्रमाने बघू. क्रम बदलू नका. पहिला टप्पा चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

आधी हाताशी काय हवं

पूर्ण ई-तिकीट हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अर्धा कापलेला फोटो चालणार नाही, कारण नेमका त्यात टर्मिनलचा आणि तारखेचा रकाना कापला गेलेला असतो. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने पाडा: ठिकाण, तिथली तारीख-वेळ, भारतीय तारीख-वेळ, मधले तास. मोबाइलच्या कॅलेंडरवर हे काम सोपवू नका. परदेशातली वेळ तुम्ही हाताने भरता, फोन ती भारतीय वेळ समजून ठेवतो आणि तिथे उतरल्यावर स्वतःहून सरकवतो. कागद सरकत नाही.

## टप्पा १: विमानतळ नक्की कोणता, ते ठरवा

शहराच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी कोड बघा. लंडनला हीथ्रो (एलएचआर), गॅटविक (एलजीडब्ल्यू), स्टॅन्स्टेड, लूटन असे बरेच विमानतळ आहेत. न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि लागार्डिया, शिवाय नदीपलीकडे न्यू जर्सीतला न्यूअर्क (ईडब्ल्यूआर). आपल्या भागातली बरीच मुलं न्यू जर्सीत राहतात, त्यांना न्यूअर्क जवळ पडतं. तिकीट काढताना दोन-तीन हजार रुपये वाचवायला जेएफके घेतलं, तर तिकडे टॅक्सीत त्याच्या कितीतरी पट जातात.

एकाच नावाची शहरंही असतात. मेलबर्न ऑस्ट्रेलियात आहे (एमईएल) आणि फ्लोरिडातही आहे (एमएलबी). बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेतल्या अलाबामातही आहे (बीएचएम). सॅन होजे कॅलिफोर्नियातलं वेगळं, कोस्टा रिकातलं वेगळं. अंतर काढणाऱ्या साइटवर नुसतं शहर टाकलं की ती पहिलं सापडेल ते उचलते.

आता आपल्या बाजूचा घोळ. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं सहार बाजूच्या टर्मिनल २ वरून सुटतात, टर्मिनल १ सांताक्रूझ बाजूला आहे. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्याचा कोड एनएमआय. सांगली-साताऱ्याकडून येणाऱ्याला तो अलीकडे पडतो, पण तुमचं विमान तिथून आहे की नाही हे तिकीटच सांगणार. दोन विमानतळांच्या मध्ये खाडी आहे आणि मुंबईची वाहतूक आहे.

सावधान: ड्रायव्हरला ‘मुंबई एअरपोर्ट’ एवढंच सांगू नका. ‘सहार, टर्मिनल दोन’ किंवा ‘नवी मुंबई’ असं सांगा आणि लोकेशन आदल्या दिवशीच पाठवा.

## टप्पा २: अंतर काढा

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते येत नाही. सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. खरी जवळची वाट मुंबईहून वायव्येला चढते, ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास पोचते आणि वरून न्यूयॉर्ककडे उतरते. ‘विमान उगाच वर का गेलं?’ हा प्रश्न सीटसमोरच्या पडद्यावर नकाशा बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आपोआप वरूनच जातो.

आकडा काढायला गूगल मॅप्सचं अंतर मोजायचं साधन पुरतं. ज्यांना हाताने करून बघायचंय त्यांच्यासाठी शाळेतली त्रिकोणमिती:

कोसाइन (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन (रेखांशांतला फरक)

अ१ आणि अ२ म्हणजे दोन विमानतळांचे अक्षांश. मुंबई १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२. सगळं घातलं की कोन सुमारे ६४.८६ अंश येतो. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की अंतर ७,२१० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलाय ना, रेडियनवर नाही ना, एवढं बघा. बारावीच्या मुलाला हे गणित द्या, दहा मिनिटांत करील.

याच पद्धतीने मुंबईहून दुबई सुमारे १,९३० किलोमीटर येतं, न्यूयॉर्क जेएफके १२,५३० आणि सॅन फ्रान्सिस्को १३,५१०.

तपासा: आकडा कशात आहे? मुंबई-लंडन हे एकच अंतर ७,२१० किलोमीटर, साधारण ४,४८० मैल किंवा ३,८९० सागरी मैल असं तीन प्रकारे दिसू शकतं. वैमानिकांच्या जगात सागरी मैल चालतो, तो १.८५२ किलोमीटरचा असतो. एका साइटवर ३,८९० आणि दुसरीवर ७,२१० दिसलं म्हणून कुणी खोटं बोलत नाही.

## टप्पा ३: अंतरावरून तासांचा अंदाज बांधा

मोठं जेट विमान वर स्थिरावल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण चढणं, उतरणं आणि वळसे धरून हिशेबाला ८५० घ्या आणि वर अर्धा तास मिळवा. लंडनसाठी ७,२१० भागिले ८५० म्हणजे साडेआठ तास, अधिक अर्धा, नऊ तास. न्यूयॉर्कला याच सूत्राने सव्वापंधरा तास येतात.

तिकिटावर मात्र लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास आणि न्यूयॉर्कला थेट विमानाने सोळाच्या आसपास दिसतात. फरक तीन कारणांनी पडतो.

पहिलं कारण वारा. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. नेमक्या त्याच उंचीवर विमानं उडतात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून लंडन किंवा अमेरिकेहून परत येताना तास-दीड तास कमी लागतो. हिवाळ्यात हा वारा जास्त जोरात असतो. दुबईसारख्या जवळच्या ठिकाणी हा फरक फारसा जाणवत नाही.

दुसरं कारण बंद हवाई हद्दी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. त्यामुळे दोन शहरं तीच असली तरी एका कंपनीचं विमान सरळ जातं, दुसरीचं वळसा घालून. शेजाऱ्यांच्या तिकिटावर नऊ तास आणि तुमच्यावर दहा दिसले तर गोंधळू नका. जुन्या प्रवासाचे तासही यंदा धरू नका.

तिसरं कारण साधं आहे. तिकिटावरचे तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात. धावपट्टीकडे रांगेत सरकणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणं त्यातच आलं. दुबईचं हवेतलं अंतर पावणेतीन तासांत कापून होतं, तिकीट सव्वातीन तासांचं असतं.

सावधान: हा टप्पा फक्त अंदाजासाठी आहे. तिकीट हातात आलं की अंदाज बाजूला ठेवा.

## टप्पा ४: तिकिटावरच्या वेळा भारतीय वेळेत आणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक असते. ती भारतीय वेळेत आणायला इतके तास मिळवा:

- लंडन: हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार
- न्यूयॉर्क, न्यू जर्सी: हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ
- सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा
- दुबई, अबुधाबी: वर्षभर दीड
- दोहा: वर्षभर अडीच

पूर्वेकडच्या देशांचे तास वजा करायचे. सिंगापूरचे वर्षभर अडीच, सिडनीचे त्यांच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला थंडीचा काळ, हे विसरू नका.

घड्याळं कधी बदलतात? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिटन-युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिका बदललेली असते आणि लंडन नाही. त्या दिवसांत गेल्या महिन्यातला फरक पाठ म्हणून दाखवू नका.

आता उदाहरण. वेळा नमुन्यादाखल आहेत, महिना जानेवारी.

मुंबईहून १५ तारखेला पहाटे २:१५ ला निघालात. लंडनला १५ तारखेला सकाळी ६:५० ला उतरलात. लंडनच्या ६:५० मध्ये साडेपाच तास मिळवा: भारतात दुपारचे १२:२०. आता वजाबाकी करा: १० तास ५ मिनिटं.

परतीला लंडनहून २० तारखेला रात्री ९:३० ला निघालात. भारतात तेव्हा २१ तारखेचे पहाटेचे ३ वाजलेत. मुंबईला २१ ला दुपारी १२ ला उतरलात. प्रवास ९ तासांचा. नुसती तिकिटावरची वजाबाकी केली असती तर साडेचौदा तास आले असते.

पॅसिफिकवरून येणाऱ्यांना एक दिवस हरवल्यासारखा वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोहून १० जानेवारीला रात्री १०:३० ला निघालेलं विमान सिंगापूरला १२ तारखेला सकाळी ७ ला उतरतं. भारतीय वेळेत लिहा: ११ तारीख दुपारी १२ ते १२ तारीख पहाटे ४:३०. साडेसोळा तास. दिवस कुठेही हरवलेला नाही.

तपासा: तिकिटावर बहुतेक वेळा प्रवासाचे तास वेगळे छापलेले असतात. तुमचा आकडा त्याच्याशी मिनिटागणिक जुळला पाहिजे. बरोबर एक तासाचा फरक आला तर उन्हाळी-हिवाळी वेळेत गफलत आहे. बरोबर चोवीस तासांचा आला तर वेळेपुढचं ‘+१’ तुम्ही वाचलेलं नाही. उतरण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा ५: मधला थांबा मिळवा

एकाच विमानतळावर उतरणं आणि पुन्हा निघणं असेल तर दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या असतात, तिथे सरळ वजाबाकी चालते. एवढ्याच एका जागी.

जानेवारीतलं मुंबई-दुबई-न्यूयॉर्क घ्या. मुंबई पहाटे ४:३०, दुबई सकाळी ६:१० (भारतात ७:४०). पहिला भाग ३ तास १० मिनिटं. दुबईहून ८:३० ला विमान, म्हणजे थांबा २ तास २० मिनिटं. जेएफकेला त्याच तारखेला दुपारी १:५०, भारतात रात्रीचे १२:२०, तारीख पुढची. दुसरा भाग १४ तास २० मिनिटं. बेरीज १९ तास ५० मिनिटं.

‘दुबईवरून गेलं की लांबचा फेरा पडतो’ हा समज बरोबर नाही. मुंबई-दुबई-न्यूयॉर्क सुमारे १२,९३० किलोमीटर होतं, थेट वाट १२,५३०. जेमतेम चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे सांगलीहून मुंबई गाठण्याएवढंच. वेळ वाढतो तो थांब्यामुळे. म्हणून तिकिटं ताडून बघताना किलोमीटर मोजत बसू नका, थांबा बघा. दोन तासांपेक्षा कमी थांबा असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर मी ते तिकीट स्वस्त असलं तरी घेऊ नका म्हणेन. व्हीलचेअर सांगितलेली असली तरी ती यायला वेळ लागतो.

सावधान: दोन वेगळी तिकिटं जोडू नका. कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून सकाळी मुंबई गाठायची आणि दुसऱ्या पीएनआरवर परदेशी विमान पकडायचं, ही कल्पना कागदावर छान दिसते. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. एकाच पीएनआरवर असेल तरच पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अमेरिकेत शिरल्यावर पुढे देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि साधारणपणे बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तास हवेत.

## टप्पा ६: घरातून कधी निघायचं, ते उलटं मोजा

आधी तारीख. विमान १५ तारखेला ००:४० ला असेल तर घर १४ तारखेला दुपारी सोडायचं. ‘पंधरा तारखेचं विमान आहे ना, मग पंधराला जेवून निघू’ म्हणणाऱ्यांचं विमान ते जेवायला बसायच्या कितीतरी आधी गेलेलं असतं. रात्री १२ ते पहाटे ४ मधली सगळी विमानं कागदावर ‘१४ तारखेच्या रात्री’ अशी लिहा आणि ड्रायव्हरलाही तसंच सांगा.

मग मागे मागे या. वरच्या उदाहरणातलं विमान १५ ला पहाटे ४:३० चं. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी, म्हणजे १:३० ला टर्मिनलवर. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्यामुळे हे तीन तास म्हणजे ऐषआराम नव्हे, रांगांसाठीच आहेत.

सांगलीहून सहारपर्यंत पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. पेठ नाक्याला हायवेला लागायचं, मग कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, एक्स्प्रेस-वे. गाडीचे सात-साडेसात तास, जेवणाचा पाऊण तास. यावर किमान दोन-अडीच तास राखीव ठेवा. साडेदहा तास धरले तर १४ ला दुपारी ३ ला घर सोडायचं. साताऱ्याहून अंतर अडीचशेच्या वर. रस्त्याचे पाच-साडेपाच तास आणि राखीव दोन, म्हणजे संध्याकाळी सहा. राखीव वेळ साताऱ्याला कमी लागेल असं समजू नका. खोळंबा व्हायच्या जागा, म्हणजे खंबाटकी, खेड-शिवापूर, पुण्याचा बाह्यवळण रस्ता, खंडाळ्याचा घाट आणि वाशीपासून पुढची मुंबई, सगळ्या साताऱ्याच्या पुढेच आहेत.

रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-वाईहून परतणाऱ्या गाड्यांमुळे पुण्याच्या दिशेला रांगा लागतात, त्या दिवशी तासभर आणखी घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकरांनी कृष्णेची पातळी बघूनच ठरवावं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहरातून बाहेर पडणंच अवघड झालं होतं. पाणी चढायला लागलं असेल तर एक रात्र आधी पुण्यात पाहुण्यांकडे गेलेलं बरं. पाहुण्यांना त्रास होईल म्हणून संकोच करू नका, तिकीट त्यापेक्षा महाग आहे.

तपासा: कागदावर ‘घर सोडणे’ या ओळीत तारीख, वार आणि वेळ तिन्ही आहेत ना? वार लिहिल्याने तारखेची चूक लगेच लक्षात येते.

## टप्पा ७: उतरल्यानंतरचे तास आणि औषधं

जेएफकेला उतरलात तेव्हा भारतात १६ तारखेचे रात्रीचे १२:२० झालेत. इमिग्रेशन, बॅगा आणि मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून तीन तास धरा. भारतीय वेळेने पहाटे ३:२०. १४ ला दुपारी ३ पासून मोजा: ३६ तास २० मिनिटं. तिकिटावर १९ तास ५० मिनिटं छापलेत.

औषधं या छत्तीस तासांवर ठरवा आणि वर एका दिवसाची जादा घ्या, सगळी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा चार रकान्यांचा कागदच डॉक्टरांना दाखवावा. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना आखडतो. डोस कधी आणि किती, हे मधल्या तासांवर त्यांनीच ठरवायचं. ‘रात्रीचं जेवण झाल्यावर’ या सूचनेला विमानात काही अर्थ उरत नाही, तिथे दोन रात्रीची जेवणं येऊ शकतात.

परतीसाठी नवा कागद करा, जाण्याचा उलटा वाचू नका. वारा पाठीवर असल्याने तास वेगळे, थांबा वेगळा. सहा महिने राहून येणार असाल तर घड्याळाचा फरकही एका तासाने बदललेला असतो. मुंबईत घ्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला उतरण्याची तारीख भारतातली सांगा. अमेरिकेतून मुलगी ‘आई-बाबा शुक्रवारी निघाले’ असं कळवते आणि विमान मुंबईत शनिवारी रात्री किंवा रविवारी पहाटे टेकतं. उतरल्यानंतर बाहेर यायला दीड तास धरा, म्हणजे पार्किंगचं भाडं उगाच चढणार नाही.